ज्याने तेल भरलं, त्याची पहिली फेरी

मी, खाली सही करणारी, घाटाच्या पायथ्याशी शेवटच्या वळणावर असलेल्या गॅरेजची आणि त्या गॅरेजच्या प्रवासी गाड्यांची मालकीण, वय वर्षे अडुसष्ट, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही धाकाला, लाडीगोडीला किंवा रडण्याला बळी न पडता लिहून ठेवते आहे. रडण्याचा उल्लेख अशा कागदात करत नाहीत, असं वकील म्हणाले. माझ्या घरात त्याचा उपयोग होत आलेला आहे, म्हणून केला.

डॉक्टरांनी मला तपासून दाखला दिला आहे. डोकं ठणठणीत, बाकीचं काही खरं नाही. या आजाराने आधी माझं नाक नेलं. चाळीस वर्षं मी तेल वासावरून ओळखत आले, आता माझ्यापुढे कॉफी ठेवली काय आणि रॉकेल ठेवलं काय, मला दोन्ही सारखंच. हात चालतात. कान तर इतके चालतात की लोकांना अवघड व्हावं.

वकिलांनी सगळ्यांची पूर्ण नावं, नाती आणि पत्ते सोबतच्या जोडपत्रात टाइप करून घातले आहेत. इथे मी माणसांना रोज ज्या नावाने हाक मारते त्याच नावाने लिहीन. स्वतःच्या मुलाला 'उक्त इसम' म्हणायला माझी जीभ वळत नाही.

कलम पहिले. यापूर्वी मी केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात गॅरेज आणि दोन गाड्या दोन मुलांना निम्म्यानिम्म्या दिल्या होत्या. आता दोनपैकी एक गाडी राहिली नाही आणि दोनपैकी एक मुलगा राहिला नाही, त्यामुळे ते गणित बसत नाही.

कलम दुसरे. गॅरेजच्या मागच्या दोन खोल्या, वरचा माळा आणि नळाजवळची मोरी हे सर्व माझ्या पश्चात माझ्या थोरल्या सुनेला मिळावं. थोरला गेल्यानंतर ती माहेरी निघून गेली असती तर कोणी तिला बोल लावला नसता. ती गेली नाही. महिन्याभराने एक दिवस थोरल्याचे बूट पायात घातले, पुढे कापडाचे बोळे कोंबले आणि निळी गाडी बाहेर काढली. मी म्हणाले, "अगं, तुला झेपेल का?" तर म्हणाली, "आई, गाडी तर झेपेल. घरात बसणं झेपत नाहीये." त्या दिवसापासून निळी तीच चालवते. खिडक्यांच्या बिजागऱ्या गंजल्या आहेत, त्या तिने बदलून घ्याव्यात. मला सांगून सांगून ती कंटाळली होती.

कलम तिसरे. बँकेत जे काही शिल्लक असेल त्यातून आधी माझ्या औषधपाण्याचं आणि शेवटचं जे काही असतं त्याचं निपटावं. शेवटचं साधंच करावं. फुलांनी सजवलेली गाडी वगैरे आणायची नाही. उरेल ते सुनेला.

कलम चौथे. हत्यारं. माझ्या यजमानांचा पान्यांचा संच, टॉर्कचा पाना, दोन्ही जॅक आणि झाळायची सगळी सामग्री सुनेला. पाने वापरून झाले की पुसून जागच्या जागी ठेवायचे. ही सूचना तिच्यासाठी नाही, ती ठेवतेच. जो ठेवत नाही तो हे वाचन ऐकत बसलेला असेल.

भिंतीवरच्या खिळ्याला लटकवलेली हातोडी कोणालाही देऊ नये. ती आमच्या यांनी ज्या दिवशी लटकवली त्या दिवसापासून कोणी काढलेली नाही आणि तिच्यामागे भिंतीला मोठं भोक आहे.

कलम पाचवे. समोरच्या स्पेअरवाल्यास, म्हणजे सुट्या भागांचं दुकान चालवणाऱ्या माझ्या जुन्या शत्रूस, भिंतीवर तारेने बांधलेले इंजिनातले ते दोन दांडे, म्हणजे कॅमशाफ्ट, द्यावेत. का द्यावेत, हे लिहिणं भाग आहे, कारण पुढची सगळी कलमं त्यावर उभी आहेत.

या माणसाशी माझं भांडण एकाच गोष्टीवरून. इंजिनात घालायच्या सिंथेटिक तेलाला जास्तीचे पैसे मोजावेत की नाही. मी आणि आमचे हे गाड्यांना कायम सिंथेटिक घालत आलो. साध्या तेलाच्या तिप्पट किंमत. स्पेअरवाला दुकानाच्या पायरीवरून ओरडायचा, "मालकीणबाई, तेल ते तेल! वरचे पैसे डब्यावरच्या चित्राचे!" मी म्हणायचे, "तुमची स्कूटर घरातून निघून दुकानाशी थांबते. तिला चित्र नसलेलंही चालेल. माझ्या गाड्यांना घाट चढायचा असतो."

शेवटी आमच्या यांनी वैतागून दोन्ही तोंडं बंद करायचं ठरवलं. दोन गाड्या एकाच कंपनीच्या, एकाच वर्षीच्या, एकाच रस्त्यावरच्या. एकीत साधं तेल, दुसरीत सिंथेटिक. दोन्हींचं तेल वेळच्या वेळी बदलायचं, कुठे हयगय नाही. बरेच दिवस चालवून मग दोन्ही इंजिनं उघडली. साध्या तेलाच्या इंजिनात सगळीकडे तपकिरी थर बसला होता, दूध लागलेल्या पातेल्याच्या तळासारखा. दुसरं आतून धुतल्यासारखं. तेच हे दोन कॅमशाफ्ट. स्पेअरवाला दोन्हींवरून बोट फिरवून म्हणाला, "पण मेली का साध्या तेलाची गाडी? नाही ना?" मी म्हणाले, "अजून नाही."

आता मरताना खरं सांगायला हरकत नाही. त्याच्या स्कूटरला, बाजारहाटाच्या गाडीला, सपाट रस्त्याला साधं तेल वेळेवर बदललं तर पुरतं. महाग तेल घालून वर्षभर विसरणाऱ्यापेक्षा तो माणूस कितीतरी शहाणा. पण आमचा घाट चढताना इंजिन पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये बोंबलत असतं, तापतं, आणि तापलं की साधं तेल पातळ होतं. तिथे ते जास्तीचे पैसे तेलाचे नसतात, गाडीतल्या माणसांचे असतात. इतकं मी त्याच्याकडून एकदा कबूल करून घ्यायला हवं होतं. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही असा नियम आहे म्हणून त्याला साक्षीदार केलेलं नाही, नाहीतर सही करताना त्याचं तोंड बघायला मजा आली असती.

एक गोष्ट मात्र त्याच्या बाजूने लिहायला हवी. त्याने मला कधीही डब्यावर एक आणि आत दुसरं असं दिलं नाही. साधं म्हणून साधं दिलं, महाग म्हणून महाग. माझा धाकटा खरेदी बघायला लागला तेव्हापासून आमचं तेल त्याच्या दुकानातून येणं बंद झालं. "बाहेर स्वस्त पडतं," धाकटा म्हणाला. मी विचारलं, "तेच तेल?" म्हणाला, "अगदी तेच, आई. डबा बघ की." डबा मी बघितला. डबा अगदी तोच होता.

कलम सहावे. आमच्या गॅरेजची रीत. ही मालमत्ता नाही, तरी मृत्युपत्रात घालते, कारण यापुढे गॅरेज ज्याच्याकडे जाईल त्याच्याकडे ही रीतही जाईल.

ज्याने तेल भरलं त्याने पहिली फेरी मारायची. एकट्याने, रिकाम्या गाडीने, वरपर्यंत जाऊन खाली यायचं. मगच गाडीत प्रवासी बसवायचे. ही रीत आमच्या यांनी घातली. त्यांचं म्हणणं सरळ होतं. झाकण नीट लागलं की नाही, फिल्टर आवळला की नाही, हे दुसऱ्याला तपासायला लावलं की तो वरवर बघतो. स्वतःला त्याच गाडीत बसून उतार उतरायचा असला की माणूस आपोआप दोनदा बघतो. ते असेपर्यंत रीत मोडली नाही. ते गेल्यावरही मोडली नाही. मोडली ती एकदाच.

कलम सातवे. त्या दिवसाबद्दल.

पांढरी, म्हणजे आमची दुसरी गाडी, चार दिवस ठोकत होती. इंजिनातून बारीक टकटक. थोरला मला म्हणाला होता, "आई, ऐकलंस का गं? काहीतरी बोलतेय ती." धाकटा लगेच म्हणाला, "तेल बदलायचं झालंय. नवीन पडलं की गप्प बसेल." त्या आठवड्यात पांढरी तोच चालवत होता, त्यामुळे ती टकटक सगळ्यांत जास्त त्यानेच ऐकली असणार.

सकाळी धाकट्याने तेल बदललं. तो दोन डबे घेऊन आला होता, एकाच दुकानातून, एकाच वेळी. एक पांढरीत ओतला, दुसरा निळीसाठी ठेवून दिला. झाकण लावलं, हात पुसले, आणि किल्ली थोरल्यापुढे धरली. "दादा, तू जा ना. माझी पाठ धरलीय."

मी बाकावर बसून इंजिनाच्या सांध्यात घालायचं गॅस्केट कापत होते. मी म्हणाले, "तेल कोणी भरलं?"

थोरला हसला. त्याला कोणाला नाही म्हणताच यायचं नाही, लहानपणापासून. म्हणाला, "आई, पाठ धरलीय त्याची, आता काय त्याला उचलून बसवू? एक दिवस रीत मोडली म्हणून घाट काही खाली येत नाही." किल्ली घेतली आणि गेला. धाकटा आत जाऊन आडवा होतो म्हणाला.

गाडी वरपर्यंत गेली. खाली येताना तिसऱ्या वळणाच्या आधी इंजिन जाम झालं. इंजिन गेलं की ब्रेकचा दाब जातो आणि स्टेअरिंग दगडासारखं होतं. रिकामी गाडी होती म्हणून एकच गेला, असं लोक मला सांगायला आले. एकच. माझ्यासमोर उभं राहून म्हणायचे.

विमा कंपनीचे तपासणारे गृहस्थ आले, खाली उतरलेसुद्धा नाहीत, कठड्यावरून वाकून बघितलं आणि लिहून गेले, 'चालकाने वेगावर नियंत्रण ठेवले नाही.' या गृहस्थांस मी माझ्या मिळकतीतून काहीही देत नाही. फक्त त्यांना कोणीतरी सांगावं की तो चालक त्या घाटात लहानाचा मोठा झाला, आणि वळणावर समोरून म्हैस आली तरी हॉर्न हळू वाजवायचा, ती दचकू नये म्हणून.

मी उतरले होते खाली. या वयात, शेजारच्या टायरवाल्याच्या खांद्याला धरून. तेलाची पट्टी ओढून रुमालावर पुसली. एका फेरीत तेल इतकं काळं होत नाही. तेव्हा माझं नाक शाबूत होतं, रॉकेलचा वासही आला. पण तिथे सगळीकडे डिझेल सांडलेलं, म्हणून तो वास पुरावा नाही, असं मी स्वतःलाच समजावलं. म्हटलं, इंजिन उघडू, मग बघू. इंजिन उघडायला मिळालं नाही. मी अंथरुणात पडून होते तेवढ्यात धाकट्याने पांढरी भंगारात देऊन टाकली. "आईला बघवणार नाही," असं सगळ्यांना सांगितलं. मला काय बघवतं आणि काय नाही, हे मला कोणी विचारलं नाही.

कलम आठवे. दुसरा डबा. तो कोठीत आहे, तोच, निळीसाठी आणलेला, न उघडलेला. कोठीला मी कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यात. निळीला तेव्हापासून तेल मी स्पेअरवाल्याकडून आणते, सून स्वतः भरते आणि पहिली फेरी स्वतः मारते.

धाकटा त्या डब्यासाठी माझ्याकडे बऱ्याचदा आला. "आई, तो डबा दे, परत करून येतो."

"का? तेल चांगलं नाही का?"

"चांगलंच आहे गं. पण उगाच पडून."

"पडू दे. तेलाला काही भूक लागत नाही."

पुढच्या वेळी म्हणाला, जुनं झालं असेल, फेकून देतो. त्याच्या पुढच्या वेळी म्हणाला, ओळखीच्याला हवंय. माझा मुलगा एका डब्यासाठी इतक्या वेळा चढून माळ्यावर येतो आणि माझी तब्येत मात्र खालूनच विचारतो, हे माझ्या लक्षात आलं नाही असं त्याला वाटतं.

सून मला म्हणाली, "आई, तुम्ही भाऊजींना सरळ विचारा ना. असं आतल्या आत कशाला?" पोरी, विचारलं असतं. पण मी त्याला ओळखते. मी विचारलं की तो माझ्या गळ्यात पडून लहान मुलासारखा रडेल, म्हणेल, आई, तुला असं वाटूच कसं शकतं. आणि मी विश्वास ठेवीन. मला ठेवायचाच आहे, हेच तर दुखणं आहे. रोज सकाळी उठल्यावर मी आधी तेच ठरवते, की याला काही माहीत नव्हतं, याचीही फसवणूकच झाली. संध्याकाळपर्यंत ते टिकत नाही. मेल्यावर माझ्या गळ्यात कोणाला पडता येणार नाही, म्हणून हा प्रश्न मी मेल्यावर विचारते आहे.

वकील म्हणाले, तेलाचा नमुना तपासणीला पाठवता येतो, निकाल लेखी येतो. येत असेल. त्यात तेल कसं आहे ते कळेल. किल्ली पुढे करताना माझ्या मुलाच्या मनात काय होतं, ते त्या कागदावर येणार नाही.

कलम नववे. गॅरेज, निळी गाडी आणि धंदा यांची व्यवस्था. हे कलम सर्वांसमोर, गॅरेजमध्येच, दिवसाउजेडी वाचावं. वकील, सून आणि धाकटा हजर असावेत. इतर कोणी नको.

निळीतलं तेल आधी काढून ठेवावं. कोठीची किल्ली माझ्या पश्चात वकिलांकडे येईल. दुसरा डबा बाहेर आणावा, त्याचं झाकण आणि सील शाबूत असल्याचं धाकट्याने स्वतः बघून सांगावं. मग धाकट्याने तो डबा फोडून त्यातलं तेल निळीत भरावं. नंतर सुनेने निळीची किल्ली बाकावर ठेवावी. बाकावर, त्याच्या हातात नाही. आणि गॅरेजच्या रीतीप्रमाणे पुढचं व्हावं.

कोणीही त्याला काही बोलू नये, आग्रह करू नये, घाई करू नये.

(अ) धाकट्याने किल्ली उचलून रिकाम्या गाडीने, एकट्याने, वरपर्यंत जाऊन खाली अशी पहिली फेरी मारली, तर गॅरेज, निळी आणि धंदा त्याचा आणि सुनेचा, निम्मानिम्मा. खरेदीही पुन्हा त्याच्याच हातात.

(आ) त्याने किल्ली उचलली नाही, तर सगळं सुनेचं. त्याला तो रिकामा डबा मिळावा. तो त्याने आणलेला आहे.

(इ) याशिवाय तिसरं काही घडलं, तर त्याची तरतूद कलम दहाव्यात आहे.

ते कलम वेगळ्या लाखबंद पाकिटात आहे. फेरी पूर्ण झाली, किंवा फेरी होणार नाही हे नक्की झालं, की मगच वकिलांनी ते फोडून तिथेच उभ्याने वाचावं. त्याआधी वाचल्यास सर्व मृत्युपत्र रद्द, असं लिहा म्हटलं तर वकील म्हणाले, कायद्यात तसं बसत नाही. मग मी त्यांना दुसऱ्या भाषेत सांगितलं. त्यांना समजलं.

कलम दहावे.

आता सरळ तुझ्याशीच बोलते, धाकट्या. मधे कोणी नको.

डब्यातलं तेल चांगलं आहे. घाबरला असशील तर आता घाम पूस. मी मे महिन्यात, तुम्ही दोघं बाहेर असताना, तो डबा उलटा करून तळाला भोक पाडलं, होतं ते सगळं काढलं, आतून धुऊन पुसून सुकवलं, स्पेअरवाल्याकडचं खरं तेल भरलं आणि भोक झाळून वरून रंगाचा हात मारला. झाळणं अजून जमतं मला. वरचं सील तुझंच होतं, त्याला मी हातही लावला नाही. माझं एक मूल त्या उतारावरून गेलं. दुसरं मी पाठवीन असं तुला वाटलं असेल, तर तू मला ओळखलंच नाहीस.

डब्यातून जे निघालं ते मी फडक्यातून गाळलं. दोन छोट्या वाट्या शेगडीवर ठेवल्या, एकीत ते, दुसरीत खरं. तापल्यावर खरं तेल चमच्यावरून धार धरून उतरलं. तुझं पाण्यासारखं पळालं. फडक्यावर काळा गाळ राहिला आणि त्यात धातूची चकचक. कोणाच्या तरी मेलेल्या इंजिनातलं जळकं तेल, वर रॉकेल, वर रंग, आणि त्यावर महागाचा डबा. पांढरीत आधीच्या खेपेलाही तेच गेलं असणार, उगाच नाही ती ठोकत होती. सिंथेटिकचे पूर्ण पैसे दर वेळी या घरातून बाहेर गेले. ते दुकानदाराकडे थांबले की वाटेत, हे मला शोधता आलं नाही.

तेव्हा तेल खोटं होतं, हे मला कळलेलं आहे. तुला ते माहीत होतं का, हे आता या क्षणी वकिलांना आणि तुझ्या वहिनीला कळलेलं असेल. मला नाही.

तू किल्ली उचलून स्वतः जाऊन आला असशील, तर, बाळा, तुला काही माहीत नव्हतं. तुझीही फसवणूक झाली, आणि त्यावर मी मरेपर्यंत तुझ्यावर डूख धरला. मला माफ कर. वहिनीच्या पाया पड आणि दोघांनी मिळून धंदा करा. तेल स्पेअरवाल्याकडून घ्या, तो भांडेल, पण खरं देईल. देवाशप्पथ, तू हेच केलं असावंस म्हणून मी जीव टाकते आहे.

तू किल्ली बाकावरच राहू दिली असशील, तर तू न बोलता बोललास. लाज तरी शिल्लक आहे, असं मी समजेन. पोलिसांकडे जायचं की नाही, हे तुझ्या वहिनीने ठरवावं. गेलेला माणूस तिचा होता. तिने काहीही ठरवलं तरी तिला 'घरातलं घरात' असं कोणी म्हणू नये.

आता तिसरं. तू किल्ली उचललीस, आणि वहिनीपुढे धरलीस. "वहिनी, तुम्हीच जा, तुम्हाला रोजची सवय आहे." किंवा पुन्हा पाठ. सूनबाई, तू घेतली असशील, मला ठाऊक आहे. तुलाही नाही म्हणता येत नाही, म्हणून तर तुमचं दोघांचं जमलं. तेल चांगलं असल्याने तू सुखरूप खाली आलेली आहेस आणि हे ऐकते आहेस. सगळं तुझं आहे. याच्या हाताला पुन्हा कधी किल्ली देऊ नकोस, आणि याच्या हातून घेऊही नकोस.

आणि धाकट्या, निळी वर होती तेवढा वेळ तू कुठे उभा होतास, हे बघून ठेवायला मी वकिलांना सांगितलं होतं. ते आता सांगतील. मी न बघताच सांगते. तू फाटकापाशी होतास.

कारण त्या दिवशीही तू फाटकापाशी होतास. पाठ धरली म्हणून आत आडवा झालेला तू. मी गॅस्केट कापून उठले आणि खिडकीतून पाहिलं. अजून आवाज झाला नव्हता, कोणी धावत आलं नव्हतं, फोन वाजला नव्हता. तू फाटकाला धरून, डोळ्यांवर हाताची सावली करून तिसऱ्या वळणाकडे बघत उभा होतास. कोणाची वाट बघत होतास रे?

हे सर्व मी लिहिलं, स्वतः दोनदा वाचलं आणि प्रत्येक पानावर सही केली. साक्षीदारांनी मला सही करताना पाहिलं आहे, मजकूर त्यांना वाचू दिलेला नाही. दहावं कलम त्यांच्यासमोर पाकिटात घालून लाख लावली.

लिहून देणार: (सही) गॅरेजची मालकीण

साक्षीदार एक: (सही) डॉक्टर, ज्यांनी आज सकाळी मला तपासलं

साक्षीदार दोन: (सही) टायरवाला, ज्याच्या खांद्याला धरून मी खाली उतरले होते

ठिकाण: गॅरेजचा माळा, घाटाकडच्या खिडकीशी

दिनांक: शिक्क्यात आहे तो. आजच निळीचं तेल बदललं. सून पहिल्या फेरीला गेली आहे, अजून परतलेली नाही, आणि खाली फाटकाची कडी वाजली.